मास्तरांची गाडी अन् गल्लीतला भूकंप

...अन् वरून मलाच इचारतेत, रेवणसिद्ध, तू तर भिंतीला भिंत लावून राहतोस, मंग मास्तराला येळेवर चार शब्द सांगायला तुझं तोंड शिवलं होतं का? आता काय सांगावं ह्या लोकायला? तुम्हाला सांगतो, त्या माणसाला सांगणाऱ्याची कमीच न्हवती. ऐकून ऐकून त्येचे कान किटले होते, तरी भेटंल त्येला धरून एकच इचारायचा... नवी घ्यावी का जुनी?

कोण मास्तर? आवो, रेणुकादास मास्तर, मूळचे हदगावचे, गणित शिकवतेत. भूकंप होऊन वरीस उलटलं होतं, अन् लातुरात क्लासचं असं पीक आलं होतं की एका जिन्यानं वर जावं तर भौतिक, दुसऱ्यानं जावं तर रसायन, अन् चुकून तिसऱ्यानं गेलं तर न्हाव्याचं दुकान, तिथं बी पोरं वही घेऊन बसलेली. मास्तरांचे तीन क्लास, गावाच्या तीन टोकाला, अन् मास्तर सायकलवर. पोरं मोपेडवर, ती भुर्रकन पुढं जायची, वर्गात बसून फळ्यावर तारीख घालायची, हजेरी बी आपली आपणच घ्यायची. शेवटी बार्शी रोडच्या क्लासचा मालक म्हणला, मास्तर, तुम्ही यायच्या आत पोरं दुसऱ्या क्लासला जाऊन परत येऊन राहिलीत, दिवाळीपस्तोर गाडी घ्या, न्हाईतर आम्ही दुसरा माणूस बघतो.

घेतो म्हणले. त्येला काय, व्हय म्हणायला किती येळ लागतो? पर नवी घ्यावी का जुनी?

बसले की इचारत फिरत. रसायनचे अंबरीश सर म्हणले, नवीच घ्या, जुन्या गाडीला आदल्या मालकाची खोड लागलेली असती, तो डावीकडं पान थुंकत असंल तर गाडी जलमभर डावीकडंच झुकणार. मास्तर म्हणले, बरोबर. मंग मी ज्या डाळ मिलमधी कामाला हाय तिथले मुकादम म्हणले, जुनी घ्या, नव्या गाडीवर पयला ओरखडा आपल्याच हातानं पडतो, ते दुःख माणसाला पेलत न्हाई. मास्तर म्हणले, हेही बरोबर. इंदूवहिनी, मास्तरांच्या मंडळी, शाळेत शिकवतेत, त्यांनी एकदाच सांगितलं, नवी. लोकांच्या घरची भांडीसुद्धा आपण वापरत नाही, गाडी कशाला? मास्तर म्हणले, हे तर अगदीच बरोबर. अन् दुसऱ्या दिशी दूधवाल्याला अडवून उभे... नवी घ्यावी का जुनी?

अन् मंग त्यांनी काय करावं? तिढा सुटंना म्हणून वर्गात फळ्यावरच मांडला. मधून एक रेघ, डावीकडं नवी, उजवीकडं जुनी, खाली मुद्दे. पोरायनं गुमान उतरून घेतलं, कारण क्लासची पोरं, मास्तर शिंकले तरी उतरून घेतेत. एकानं इचारलं, सर, हे येणार का? मास्तर आपल्याच नादात, म्हणले, आयुष्यात येणार. पोरायनं पुढं लिवलं, 'येणार', अन् बाजूला तीन चांदण्या काढल्या. झालं. दुपारच्याला झेरॉक्सच्या दुकानावर रांग. आठ दिसात त्या नोट्स पार नांदेडला पोचल्या.

हे मास्तराला ठाव न्हाई बरं का. ते आपले सासऱ्यांचा सल्ला घ्यायला हदगावला गेले. सासरे व्यंकटराव, तोलूनमापून बोलणारे, जावयाचं समदं ऐकून घेतलं, आत गेले, मेहुणी श्रद्धाच्या दप्तरातून एक कागद काढून आणला अन् म्हणले, जावईबापू, ह्या विषयावर लातूरच्या एका मोठ्या सरांनी सगळं लिहून ठेवलंय, आपण वेगळं काय सांगणार? मास्तरांनी वाचलं. रेघ त्यांची, मुद्दे त्यांचे, शेवटी उत्तर मात्र कोरं... येष्टीत बसून परत आले.

दिवाळी आठ दिवसावर आली. तवा निलंग्याकडचे शिवप्पा, जीप घेतली म्हणून जुनी फटफटी इकायला काढून राहिले होते, ते म्हणले, गाडी घराम्होरं आणून दावतो, बसून बघा, मंग ठरवा.

आता इथं थांबून एक सांगावं लागतंय. माझी आई, धुरपताबाई. औश्याकडच्या आमच्या गावात भूकंपात घर पडलं. ती वाचली, शेजारची वाचली न्हाईत. हितं आणली तवापसून ती छताखाली आली न्हाई. लिंबाखाली बाजलं, तिथंच जेवण, तिथंच ऊन, पाऊस आला तर डोक्यावर पोतं. मी हात जोडले, बायकोनं हात जोडले, ती म्हणायची, तुमी जावा आत, मला हालल्यालं कळतंय. अन् तिचं तरी काय चुकलं? धक्के येतच होते की. गल्लीत समद्यांनी फळीवर पेल्यावर पेले रचून ठेवले होते, पेले पडले की पळायचं, हाच आमचा भोंगा.

तर शिवप्पानं गाडी आणली, स्टँडला लावली अन् मारली किक. मंग काय सांगू, ती गाडी चालू झाली न्हाई, ती उकळली. जमीन थरथरली, दारं थरथरली, अन् सहा घरातले पेले एकदम खळाखळा खाली. समदी गल्ली भायेर. कुणाच्या हातात लाटणं, कुणाच्या तोंडाला साबण. अंबरीश सर शिकवणीला आले होते ते खिडकीतून आले, दार उघडं होतं तरी. अन् मधी मास्तर, गाडीवर बसलेले, दातावर दात आपटून राहिलेले, त्यास्नी उतरता बी येईना.

शिवप्पानं गाडी बंद केली. थरथर थांबली. परत चालू केली, परत थरथर. आई बाजल्यावरून उठली, गाडीजवळ आली, टाकीवर हात ठिवला.

"हालतंय ते हे हाय व्हय?" ती म्हणली.

"हाव मावशी," शिवप्पा म्हणले.

आई हसली. तेरा महिन्यानं. अन् मंग ती सरळ आमच्या घरात गेली, माठातलं पाणी पेली, अन् चुलीपाशी बसली. माझी बायको तशीच दारात उभी, मला हातानं खुणावून राहिली, बोलू नका म्हणून.

मास्तर अजून गाडीवरच. इंदूवहिनीकडं बघून म्हणले, "मग... नवी घ्यावी का जुनी?"

वहिनींनी आमच्या दाराकडं बघितलं अन् म्हणल्या, "हीच घ्या."

घेतली. मंग रोज दुपारी एकला पेले पडायचे, गल्ली म्हणायची, मास्तर आले, अन् पोळी उलटायची. चार दिसात कुणी मान बी वर करंना. आई घरात झोपायला लागली. बार्शी रोडच्या मालकानं अजून एक तुकडी दिली.

अन् मंग एका बेस्तरवारी, एकच्या सुमाराला, पेले पडले. दारं वाजली. गल्ली म्हणली, मास्तर आले. इंदूवहिनींनी चहा टाकला. मी ताटावरून उठलो न्हाई. आई पापड लाटून राहिली होती, लाटतच राहिली. चहा उकळून आटला तरी मास्तर येईनात. अर्ध्या घंट्यानं आले, पायी. गाडी पंक्चर झालेली, औसा रोडला दुकानात ठिवलेली. आले ते धापा टाकत, म्हणले, सगळं गाव रस्त्यावर आहे, धक्का बसला, तुम्ही सगळे आत कसे?

कुणाला काही झालं न्हवतं. भिंतीला भेग बी न्हाई. मी आईकडं पळालो. म्हणलं, आई, तो खरा होता. तिनं लाटणं थांबवलं, वर बघितलं, आढ्याकडं, बराच येळ.

"मंग?" ती म्हणली. "घर तर हाय की." अन् पुढला पापड घेतला.

तिचं झालं, गल्लीचं कुठं झालं? सांजच्याला बैठक. म्हणले, मास्तर, तुमच्या गाडीपायी आम्हाला खरा भूकंप कळंना, हे काही बरं न्हाई, गाडी इका. मास्तर म्हणले, विकली तर नवी घ्यावी का... अन् अख्खी गल्ली एका सुरात म्हणली, नगा, नगा, आता ते परत काढू नगा. मंग तोड निघाली. गाडी चौकातच बंद करायची, अन् तिथून घरापस्तोर ढकलत आणायची. सकाळी ढकलत न्यायची. मास्तर म्हणले, बरोबर.

आता माझ्या आईला घरात आणणारी गाडी, मी काय तोंड वर करून बोलणार? रोज चौकात जाऊन उभा राहतो. मास्तर हँडल धरतेत, मी मागून रेटतो. गाडी लोखंडाची, अन् रस्ता चढाचा.

परवा असंच ढकलता ढकलता मी सहज इचारलं, मास्तर, गाडी एवरेज काय देती?

मास्तर थांबले. उलीसा दम घेतला, मनात हिशेब केला, गणिताचा माणूस, चुकीचं सांगणार न्हाई.

म्हणले, "दोन माणसांत दीडशे पावलं."