ज्याची चूक त्याने पुसायचं

काका : आधी तो डस्टर खाली ठेव.

मुलगी : काका, रंगारी शिडी घेऊन बाहेर उभा आहे. आज संस्थेतली बाबांची खोली रिकामी करून द्यायचीय. पुस्तकं गेली, कपाटामागच्या चपला गेल्या. फळा तेवढा राहिलाय.

काका : तुझा बाप नि मी या फळ्यावर एकत्र काम करायचो, तेव्हाचा आमचा नियम ठाऊक आहे ना तुला? ज्याची चूक त्याने पुसायचं. दुसऱ्याने हात लावायचा नाही.

मुलगी : मग चूक कोणाची?

काका : तुझ्या बापाची! तिसरी ओळ बघ. दोनने भागायचं राहिलंय. तो गेल्यापासून रोज जेवणाआधी इथे येऊन ओरडतोय मी.

मुलगी : कोणावर?

काका : फळ्यावर. उलट बोलत नाही, त्याचाच जास्त राग येतो.

मुलगी : दुरुस्त का नाही केलंत?

काका : केलं की मी जिंकलो. जिंकून सांगू कोणाला?

मुलगी : आईला सांगा. ती पहिल्यापासून तुमच्या बाजूने आहे.

काका : तिला क्वार्क कळतात?

मुलगी : नाही. बाबा कळायचे.

काका : हं. अगं, दोन अणुकेंद्रं जोरात आदळली की आतले क्वार्क-ग्लुऑन, ते सगळ्यात बारीक कण, मोकळे होतात, इथवर आमचं एकमत. हा म्हणे, वायूसारखे सुटे पळतील. मी म्हटलं, द्रवासारखे एकमेकांना धरून वाहतील.

मुलगी : आणि प्रयोगात द्रव निघाला. त्या दिवशी बाबा जेवताना म्हणाले, आदळणाऱ्यांनी नीट आदळलं नाही.

काका : असं म्हणाला? गाढव!

मुलगी : पण नंतर जन्मभर त्या द्रवावरच काम केलं ना त्यांनी?

काका : केलं की. फक्त दर व्याख्यानात बजावायचा, माझ्या सांगण्यावरून नव्हे म्हणून. मी पहिल्या रांगेत बसलेला असायचो.

मुलगी : काका, रंगारी दोनदा डोकावून गेला. मी पुसते त्यांच्या वतीने.

काका : चूक तुझी आहे का?

मुलगी : मुलगी त्यांची आहे. नाक आलंय, चूकही येऊ दे वाट्याला.

काका : मग पुसत का नाहीस?

मुलगी : …अक्षर त्यांचं आहे.

(काका चष्मा कपाळावर सारून फळ्याला नाक लावतात.)

काका : अरेच्चा! पहिल्याच ओळीत दोनने भागलंय की त्याने. चूक माझीच.

मुलगी : पहिल्या ओळीत नुसती तारीख आहे, काका.

काका : भौतिकशास्त्र कोण शिकलंय, तू की मी? आण तो डस्टर. माझी चूक, मी पुसणार.

मुलगी : हे वाक्य तुमच्या तोंडून आजवर कधी ऐकलं नव्हतं.

काका : त्याच्यासमोर कसा म्हणणार? माजला असता.