डब्यातला कोळसा

ऐका, आणि ते मोबाईल खाली ठेवा आधी. गोष्ट सांगताना समोर उजेड नाचलेला मला चालत नाही. तुम्ही जेवून लगेच निघणार ना? मग हे ऐकून निघा. अर्धं मी डोळ्यांनी पाहिलेलं आहे, आणि अर्धं जिच्यावर बेतलं त्या बाईनं स्वतः याच पडवीत बसून सांगितलेलं. तिसऱ्याच्या तोंडचं काही नाही.

करमाळ्याकडचे शिवदास वाघमोडे म्हणून होते. बायको वैजयंता आणि एक लहान पोर, पिंकी. कुणाची तरी वापरलेली गाडी घेतली आणि पहिल्याच सुट्टीत पोरीला समुद्र दाखवायला निघाले. हॉटेलची ऐपत नाही, म्हणून माझ्या पडवीत उतरले. कोळशाची शेगडी, पीठ, तांदूळ, सगळं गाडीत. चहा-भाकरी त्यांची, मासे तेवढे माझ्याकडचे. मला आवडली हो ती माणसं. पैसा जपायची, पण पोरीच्या हौसेला नाही म्हणायची नाहीत.

परतायच्या दिवशी संध्याकाळी निघाले. उन्हात गाडी तापते म्हणे. वैजयंतानं सासूसाठी तळलेले बांगडे मागितले. मी डबा भरला आणि रीतीप्रमाणे वर चुलीतला कोळसा ठेवला. दिवेलागणीनंतर आमच्याकडे कोळशाशिवाय मासे उंबऱ्याबाहेर जात नाहीत. वाटेवरच्या भुकेल्यांची नजर त्यावर पडते, दुसरं काय! वर बजावलं, हायवेनं जा, केवणीच्या उतारानं जाऊ नका. दोघांनी मान डोलावली.

आता बघा काय केलं. गावाबाहेर जाऊन बाईनं डबा उघडला. एवढे चांगले बांगडे आणि त्यावर ही काजळी, सासू काय म्हणेल? कोळसा काढला, दिला फेकून. डबा पुसून मागच्या सीटवर पिंकीच्या शेजारी ठेवला. आणि शिवदासनं गाडी वळवली ती केवणीकडे. का, तर पेट्रोल वाचतं. वाचतं, मी नाही कशाला म्हणू? पण ती वाट दिवसाची आहे.

उतार लागला. एका बाजूला काजूची झाडं, दुसऱ्या बाजूला खाडी. अंधार गुडुप. वळणावर एक म्हातारी दिसली, डोक्यावर पाटी, हात पुढे केलेला. शिवदास थांबला नाही. पुढच्या वळणावर म्हातारी. तीच पाटी, तोच हात. त्यानं गाडी पळवली. पुढच्या वळणावर परत तीच! आता रस्त्याच्या मधोमध उभी, आणि पाटी उपडी करून दाखवतेय. रिकामी पाटी. ब्रेक दाबला, गाडी थांबली, तर समोर कोणी नाही. दोघांनी हुश्श केलं.

इथंच फसले बघा. ती गेली नव्हती.

गाडी जड चालायला लागली. आत खाडीच्या चिखलाचा वास भरला. तेवढ्यात मागून पिंकी म्हणाली, "आई, आजीला भूक लागलीये."

वैजयंताला वाटलं, पोर घरच्या आजीची आठवण काढतेय. घरी पोचलो की देऊ हं आजीला, असं ती म्हणाली.

"ती नाही गं. ही."

वैजयंतानं वळून पाहिलं. पोर एकटीच. पण शेजारची जागा ओलीगच्च, आणि डबा पिंकीनं छातीशी धरलेला. तिथंच इंजिन बंद पडलं. खाडीच्या बाजूचं दार आपोआप उघडलं. पिंकी उतरायला लागली. आजी म्हणते डबा घेऊन ये, एवढंच बोलत होती. आई दोन सीटांच्या मधूनच मागे झेपावली, पोरीची कंबर धरली. ओढते, पण पोर येईना! पलीकडून कोणीतरी मनगट धरून ओढतंय. शिवदास डबा टाक, डबा टाक म्हणून ओरडतोय, आणि पोरीची बोटं काही सुटत नाहीत. माझ्या अंगावर आत्तासुद्धा काटा आला बघा.

त्या झटापटीत वैजयंताचा पाय शेगडीच्या कोळशाच्या पिशवीला लागला. तिला माझा कोळसा आठवला. हातात आले तेवढे कोळसे उचलले, एक पोरीच्या मुठीत कोंबला, बाकीचे डब्यावर दाबले. पलीकडची ओढ सुटली. दार धाडकन बंद झालं. इंजिन चालू झालं, आणि शिवदासनं गाडी फिरवली ती हॉर्न वाजवत थेट माझ्या अंगणात.

डबा मी उघडला. झाकण घट्ट होतं, हे लक्षात ठेवा. आत नुसते काटे, चाटूनपुसून स्वच्छ. पिंकीच्या मनगटावर चिखलाची पाच बोटं. दुसऱ्या दिवशी उजेडात हायवेनं गेले. अजून येतात, डबाही नेतात, आणि कोळसा वैजयंता स्वतः मागून घेते.

तेव्हा केवणीच्या उताराला अंधारात कोणी जायचं नाही. मोबाईल रस्ता दाखवू दे नाहीतर काही करू दे. आणि तुमच्या डब्यातही मी कोळसा घातलाय, तो घरी पोचेपर्यंत काढायचा नाही.

का हो ताई, मान खाली का घातलीत? काढलात?

असू दे, घाबरू नका, अजून अंगणातच आहात. चुलीत कोळशाला तोटा नाही, तो मी घालते. पण डबा ठेवलाय त्या गाडीचं मागचं दार तुम्ही उघडं ठेवलं होतंत का? नाही ना? मग सगळेजण इकडे पडवीत या. आज कोणी जायचं नाही.