मंगळवार-शुक्रवार बंद

(घणसोली गावठाण, शुक्रवारची सकाळ. दोन घरांच्या मधल्या जागेत एक जुनी पांढरी गाडी. स्टिअरिंगपाशी घरमालक कमळाकर. बाहेरून दारात वाकलेली, वरच्या खोलीतली भाडेकरू ईश्वरी.)

ईश्वरी : परत फिरवा चावी. आणि काका, या वेळी तिला शिव्या देऊ नका, मला आवाज ऐकायचाय.

कमळाकर : आवाज आसता तर तुला कशाला बोलावली आसती? घे, फिरवली. मेली हाय.

ईश्वरी : मेलेली नाहीये. लाइट लागले, हॉर्न वाजतोय. बॅटरी उतरली असती तर लाइट मिणमिणले असते, पुढून टिकटिक आली असती. ही टिकसुद्धा करत नाही. म्हणजे तुम्ही चावी फिरवली हा निरोपच स्टार्टरपर्यंत जात नाहीये. मधे कोणीतरी अडवतंय.

कमळाकर : गॅरेजवाला बोल्ला बॅटरी बदला, बदलली. स्टार्टर बदला बोल्ला, बदलला. मंग बोल्ला, काका, गाडीला कायच झाला नाय, तुमीच जरा...

ईश्वरी : जरा काय?

कमळाकर : आराम करा, बोल्ला.

ईश्वरी : म्हणजे त्याच्याकडे नेली की चालू होते.

कमळाकर : पयल्या झटक्यात. रूपेशच्या हातात चालू, सुनेच्या, रंजिताच्या हातात चालू, धुवायला येतो त्याच्या पन हातात चालू. रूपेशनं, पोटच्या पोरानं, काल तोंडावर सांगितला, बाबा, गाडी बरोबर हाय, तुमी चालू कशी करायची ते इसरता. रंजितानं वाशीच्या डॉक्टरकडं नंबर लावलाय. डोक्याच्या.

ईश्वरी : अरे बापरे.

कमळाकर : आता आंघोल करून खाली येल रूपेश. त्याच्यासमोर चालू झाली तर चावी माजी. नाय झाली तर त्याची. गुपचूप द्यायची, असा ठरलाय.

ईश्वरी : आणि तुम्हाला काय वाटतं? विसरता तुम्ही?

कमळाकर : परवा चष्मा घरभर शोधला. डोक्यावर होता.

ईश्वरी : माझापण असतो.

कमळाकर : तुला कोन डॉक्टरकडं नेत नाय.

ईश्वरी : बरं, बंद कधी पडते?

कमळाकर : तिची मर्जी.

ईश्वरी : गाडीला मर्जी नसते. आठवेल तसं सांगा.

कमळाकर : मंगलवारी नातीला शालेत सोडायची होती, बंद. रिक्षानं गेलो. बुधवारी बोंबील आनायला गेलो, चालू. गेल्या शुक्करवारी दिघ्याला साडूकडं निगालो, बंद. रविवारी मटन आनला, चालू.

ईश्वरी : म्हणजे मटण-मासळीच्या दिवशी चालू, उपासाच्या दिवशी बंद.

कमळाकर : आगऱ्याची गाडी हाय.

ईश्वरी : काका, गाडीला वार कळत नाहीत. माणसाला कळतात. मंगळवार-शुक्रवारी तुम्ही वेगळं काय करता?

कमळाकर : काय नाय.

ईश्वरी : उपास?

कमळाकर : उपास बायको करते, विमल. मी हसतो. जन्मभर हसलो. देवीला तुज्या साबुदान्याची काय पडलीय, बोलतो.

ईश्वरी : उतरा जरा, मला बसू द्या. न्यूट्रल... क्लच... ही बघा, चालू.

कमळाकर : तुज्या पन हातात. आता तू पन बोल, काका, आराम करा.

ईश्वरी : थांबा हो, बंद करते. चावी तीच, सीट तीच, बॅटरी तीच. बदलला फक्त माणूस. आणि माणसाचं... काका, या पेडलचं रबर कुठाय? नुसतं लोखंड आहे.

कमळाकर : कवाच निगाला. रबरानं काय गाडी चालते?

ईश्वरी : चालू होते. ही गाडी क्लच पूर्ण दाबल्याशिवाय स्टार्टच होत नाही. इथे वर एक बटण आहे बघा, छोटंसं. पेडल तळाला टेकलं की ते दाबलं जातं आणि मग करंट पुढे जातो. बोटभर कमी दाबलं तरी गाडी गप्प.

कमळाकर : तलोज्याला टेम्पो चालवलाय मी. मना क्लच शिकवते.

ईश्वरी : शिकवत नाही. मी बूट घातलेत, मला लोखंड टोचलं नाही. गॅरेजवाला बूट घालतो. रूपेशदादा बूट घालतात. पाय दाखवा तुमचे.

कमळाकर : कशाला?

ईश्वरी : चप्पल कुठाय?

कमळाकर : सीटखाली हाय.

ईश्वरी : मग घाला आणि बसा. सुटला प्रश्न.

कमळाकर : आज नाय.

ईश्वरी : आज का नाही? आजच तर पाहिजे.

कमळाकर : नाय बोल्लो ना, पोरी.

ईश्वरी : काका, चप्पल घातलीत की गाडी चालू. डॉक्टर नको, चावी तुमची. यात अडचण काय आहे?

कमळाकर : हलू बोल. विमल खिडकीत आसल.

ईश्वरी : नाहीयेत. सांगा.

कमळाकर : गेल्या पावसात तिच्या गुडघ्याचा आपरेशन झाला ना. तिला आत नेली, दरवाजा लावला. मी बाहेर बाकड्यावर. च्या प्यालो, फोन बघितला, परत च्या प्यालो. मानूस किती च्या पियील? मंग देवीला बोल्लो, ही परत तुज्या कार्ल्याच्या पायऱ्या चढू दे. चढत नाय तवर मंगलवार-शुक्करवार मी अनवानी.

ईश्वरी : आणि काकूंना माहीत नाही?

कमळाकर : नवस बोलून दाखवला तर फलत नाय. आनि आता कोनत्या तोंडानं सांगू? घरातून चप्पल घालून निगतो, गाडीत बसलो का काढतो. भेगा पडल्यात टाचंला. लोखंड लागला का पाय आपोआप सैल होतो. ध्यानातच नाय आला माज्या.

ईश्वरी : मग आजचा दिवस पेडलवर पायपुसणं गुंडाळू?

कमळाकर : ती चप्पलच झाली. देवी काय आंधली हाय?

ईश्वरी : ते गाडीच्या पायात असेल, तुमच्या नाही.

कमळाकर : हा शास्त्रार्थ तिला कोन समजावनार? तू?

ईश्वरी : मग रूपेशदादांना कारण सांगते. फक्त बटणाचं.

कमळाकर : तो इचारल, बाबा, चप्पल का काढली?

ईश्वरी : म्हणजे चप्पल घातली तर नवस मोडतो, कारण सांगितलं तरी मोडतो, आणि गप्प बसलात तर...

कमळाकर : तर वाशीचा डॉक्टर. गप, ती आली च्या घेऊन.

विमलबाई : घे ग. काय सापडला काय?

ईश्वरी : हो. म्हणजे, काकू, तसं...

कमळाकर : सापडला. क्लच दाबायचा इसरतो मी. रूपेश बोलतो ते खरा हाय. ही चावी, दे त्याला.

विमलबाई : इसरता?

कमळाकर : वय झाला.

विमलबाई : तू सांग ग. शिकलेली हायस. इसरतात काय हे?

ईश्वरी : काकू, मला खोटं बोलता येत नाही. आणि खरं सांगता येत नाहीये.

विमलबाई : मंग नको सांगू. च्या पी. ओ, घरात चादर कोन धुतं?

कमळाकर : चादरीचा काय संबंध?

विमलबाई : बुधवारी नि शनिवारी चादरीवर पायाकडं काला डाग. मानूस चप्पल घालून जातं, चप्पल घालून येतं, नि तलवे बघावे तर डांबर. डाक्टरानं गुडघा बदललाय माजा. डोले नाय बदलले.

कमळाकर : मंग येवढ्या दिवसांत बोल्ली कशी नाय?

विमलबाई : मी बोलले आसते तर फलला आसता काय तो? कशापायी हाय, काय हाय, मी इचारनार नाय. तुमी सांगू पन नका.

कमळाकर : विमल...

विमलबाई : गप ऱ्हावा. च्या थंड होते. पोरी, ते पेडलचा लोखंड उघडा हाय, त्याला काय लावता येल?

ईश्वरी : रबर मिळतं, काकू. गाडीलाच बसवायचं. संध्याकाळी घेऊन येते.

कमळाकर : संध्याकाली कशाला? रूपेश बघ आलाच जिन्यात. आता माज्या पायानं चालू नाय होनार ही.

विमलबाई : नको होऊ दे. द्या ती चावी इकडं, माज्या कमरेला ऱ्हाऊ दे. रूपेश! रंजिताला सांग, डाक्टरचा नंबर काढून टाक. तुजा बाप कायच इसरत नाय.