मदीहाच्या फिती

भद्रावतीच्या थांब्यावरून शाळेच्या मुलींची बस नुकतीच गेली होती. माझ्या मागे दोघी बोलत होत्या.

“हाजरा, तुही पोरगी मदीहा अजून डोळे मिचकावते?”

“मिचकावते, मानही उडवते. पण इंदुताई, त्यानं शाळा नाई बुडत. फितींनी बुडते. दोन्ही वेण्या सारख्या दिसेपर्यंत सोडते, बांधते. तवर बस निघून जाते.”

“दोन थापडा द्यायच्या.”

“दिल्या. मान जास्तच उडाली.”

“डॉक्टर काय म्हणते?”

“म्हणे, डोळ्यांवरून टोकू नका. रोज एक फीत वाकडी ठेवून निघायची सवय लावा.”

“मंग आज?”

“रडली, पण वाकडी फीत घेऊनच बसमधी चढली.”

“अन् तू काऊन घामाघूम?”

“खिडकीतून हात घालून मलेच ते फीत सरळ करावीशी वाटली, बाई. बस जाईपर्यंत हात ओढणीत गुंडाळून उभी राह्यली.”