बैठकीतली घुंऽघुं

काचीगुड्याच्या बसथांब्यावर माझ्यापुढे एक आई आणि तिचा नोकरदार मुलगा उभे होते. मुलाच्या हातात नवी सीडी होती.

"बाबांच्या बैठकीची कॅसेट कॉम्प्युटरवर चढवली, आई. एकदम साफ झाली."

"ऐकली काल. मागचं काहीच येत नाही."

"मागे नुसती घुंऽघुं होती. काढायचा आवाज कॉम्प्युटरला आधी दाखवावा लागतो. बाबा गायला लागायच्या आधीचे पाच सेकंद दाखवले. तसला आवाज सगळ्या गाण्यातून गेला."

"काय होतं त्या पाच सेकंदांत?"

"पंखा असेल."

"पंखा बाबांनी बंद करायला लावला होता. तो तंबोरा होता, गिरीश."

"म्हणजे तू?"

"त्यांच्या मागे दुसरं कोण बसायचं?"

"अय्यो! मी तुलाच काढून टाकलं की."

"असू दे रे. त्यांचा आवाज छान आलाय."

"नक्को. कॅसेट आहे अजून. आज परत चढवतो, तंबोऱ्यासकट."

"मग एक बघशील? माझी एक तार जरा उतरली होती. घरी येईपर्यंत बाबा बोलले नव्हते माझ्याशी. तेवढी चढवता येते का बघ."