सांता लुचियाच्या दिवशीचे पाहुणे

(पालेर्मो शहर, बाल्लारो बाजारामागची गल्ली. ओलिवा उद्या लेकाकडे बोलोन्याला कायमची राहायला जाणार. मुलगी वीता तिची बॅग भरते आहे. थोरली बहीण निन्फा सकाळपासून येऊन बसली आहे.)

निन्फा : दोन हजार तेरा साल होतं ते. चौदा नव्हे. डिसेंबरची तेरा तारीख आणि वार शुक्रवार.

ओलिवा : असेल. वीता, तो काळा स्वेटर वरच ठेव ग.

निन्फा : असेल नाही, होतंच. त्याच वर्षी ती इलारिया पार उत्तरेतल्या तुरीनहून आली आणि परदेशी लोकांना आपल्या गल्लीबोळांतून खात-खात फिरवायला लागली. हातात पिवळी छत्री. रोज अकराच्या ठोक्याला.

वीता : आणि पहिला मुक्काम आईच्या गाडीपाशी.

निन्फा : पहिला आणि शेवटचा. माझी कढई तिथून वीस पावलांवर. पण छत्री यायची ती हिच्याकडे वळायची. माणसं हिचा कांदा-टोमॅटोचा जाड पाव खायची आणि टाळ्या वाजवायची. पावाला टाळ्या.

ओलिवा : स्फिन्चोने म्हणतात त्याला, ताई.

निन्फा : वर कांदा पसरला म्हणून पावाचा काय केक होतो? माझ्या पानेल्ले बघ. चण्याचं पीठ घोटता घोटता खांदा निखळायचा, सासू डोक्यावर उभी. कागदासारखी पातळ वडी तळायला मला चार वर्षं लागली. पण त्या पोरीनं कधी मान वळवून पाहिलं नाही. म्हणायची, 'सिन्योरा निन्फा, त्यांचं पोट भरलेलं असतं हो.' भरलं कुणी?

वीता : मावशी, आई उद्या चालली. हे सगळं आजच उगाळायचंय का?

निन्फा : ती चालली म्हणूनच. उद्यापासून कुणाला सांगू, भिंतीला?

ओलिवा : सांग. मी कुठे नको म्हणतेय.

निन्फा : बारा तारखेला संध्याकाळी ती पोरगी माझ्याकडे आली. आपणहून, पहिल्यांदाच. म्हणाली, 'सिन्योरा, उद्या मोठा गट आहे, वीस माणसं. बाजार नेहमीसारखाच ना?' मी तळत होते. मान वर न करता म्हटलं, 'नेहमीसारखाच.'

वीता : मावशी! सांता लुचियाच्या आदल्या दिवशी?

निन्फा : तुरीनची पोरगी ती, तिला काय ठाऊक? दुष्काळात याच दिवशी सांता लुचियाच्या कृपेनं गव्हाचं जहाज लागलं, लोकांना दळायलाही दम नव्हता, अख्खे गहू शिजवून खाल्ले. तेव्हापासून त्या दिवशी या शहरात कुणी पाव-पास्त्याला हात लावत नाही. आपल्याकडे पाळण्यातलं पोरही सांगेल. मी सांगितलं नाही. हिची भट्टी बंद राहणार, माझं चण्याचं पीठ चालतं, कढई पहाटेपासून चालू. म्हटलं, वीस माणसं बंद गाडीसमोर ताटकळू देत. मग येतील झक मारत माझ्या दारात.

ओलिवा : आणि आले.

निन्फा : आले, पण तुझ्या जिन्यावरून उतरून आले. तू त्यांना वर घरी नेलंस, शिजवलेल्या गव्हात रिकोटा चीज घालून वाट्या भरून दिल्यास आणि शिवाय माझ्याकडे धाडलंस. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मी तुला तोंडघशी पाडायला निघाले, आणि तू मला गिऱ्हाईक पाठवलंस. अकरा वर्षं झाली, ओलिवा. दर तेरा डिसेंबरला मी देवळात दोन मेणबत्त्या लावते. सांता लुचिया डोळे राखते म्हणून एक डोळ्यांसाठी, एक त्या पापासाठी. झालं, सांगितलं.

ओलिवा : वीता, ती बॅग जरा सरकव. बसते मी.

वीता : काय होतंय, आई? पाणी देऊ?

ओलिवा : नको. ताई, मी नाही धाडलं त्यांना.

निन्फा : म्हणजे?

ओलिवा : जाताना त्या मुलीनं विचारलं, आज आणखी कुठे काही मिळेल का? मी म्हटलं, आज सगळं बंद असतं. हॉटेलवर जा आणि झोपा.

निन्फा : सगळं बंद.

ओलिवा : खाली उतरले, तर तुझ्या तळणीचा वास आला. वासामागे गेले. मी खिडकीतून बघत होते. छत्री तुझ्यापाशी थांबली. मग टाळ्या ऐकू आल्या.

निन्फा : वाजवल्या होत्या खऱ्या.

ओलिवा : मला वाजवायचे त्यापेक्षा जास्त वेळ.

वीता : आई, तूसुद्धा?

ओलिवा : मीसुद्धा म्हणजे काय? हेवा काय हिच्या एकटीच्या मालकीचा आहे? बाबांनी कोपऱ्याची जागा मला दिली म्हणून ही जन्मभर तोंड फुगवून बसली. पण माझ्याकडचा पाव लोक घेतात आणि चालायला लागतात. हिच्या कढईपुढे थांबतात. गरम निघेपर्यंत गप्पा मारतात. सगळ्या बाजाराची बातमी आधी हिला कळायची. माझ्या वीताचं लग्न ठरलं, तेही मला हिच्याकडून कळलं.

वीता : ते मी सांगणारच होते तुला.

ओलिवा : आणि त्या शुक्रवारनंतर छत्री आधी हिच्याकडे जायला लागली. माझ्याकडे येईतो पोटं भरलेली. एक घास खायचे आणि उरलेलं कबुतरांना.

निन्फा : मग माझ्या अकरा मेणबत्त्या?

ओलिवा : डोळ्यांच्या कामी आल्या असतील. चष्मा अजून लागला नाही तुला.

वीता : दोघीजणी एकेक मेणबत्ती इलारियासाठी लावा. बिचारी दोघींच्या मध्ये सापडली. तुरीनला असते आता, शाळेत शिकवते. छत्री दुसऱ्याच कुणाच्या हातात आहे.

निन्फा : तो मुलगा ना? तो त्यांना बर्फाचा गोळा खायला नेतो. आणि हिच्या कोपऱ्यावर फ्रिजला चिकटवायची खेळणी विकतात.

ओलिवा : तुझी कढई तरी आहे.

निन्फा : आहे. सून तळते. बोटाएवढ्या जाड. मी काही बोलत नाही.

वीता : तू बोलत नाहीस?

निन्फा : कमी बोलते.

ओलिवा : बोलोन्याला पाचवा मजला आहे. लिफ्ट आहे म्हणे. खिडकीतून मोटारी दिसतात.

वीता : झालं एकदाचं मन मोकळं. मावशी, आता तू सुखानं राहा. उद्यापासून बाजारात आईकडे बघून जळायचं कारण उरलं नाही.

निन्फा : माझं सोड ग. हिचा विचार कर. तिथं हिचा हेवा करायला कोण आहे?