घाईचा हत्ती

नाही, थांबा, इतकं ठाम म्हणू नका. चनांगची लय चढली होती असं मला आठवतं — आठवतं म्हणजे वाटतं — आणि इतक्या वर्षांनंतर आठवणं कुठे संपतं नि वाटणं कुठे सुरू होतं, ते माझं मलाच कळत नाही. म्हणून माझ्या लग्नाचं उदाहरण घेऊच नका. तुम्ही तुमचं बसा. पाठ जरा वाकवा. अहो, हत्ती बसलाय, बँकेतला साहेब नाही. हां. शाल डोक्यावरून घ्या, पूर्ण — वेलबुट्टी बाहेरच्या बाजूला — लोकांना ती दिसली पाहिजे, तुम्ही नाही दिसलात तरी चालेल. कॉफी हवी तर घ्या, पण शालीवर सांडू नका, ती या सभागृहाची आहे, आणि किल्ली माझ्याकडे असते, म्हणजे बोलणीही मलाच बसतात.

तुम्ही जावा बेटावरचे, तुम्हाला हे सगळं पोरखेळ वाटत असेल. वाटू दे. रविवारी तुम्हाला मुलीच्या दारात आणतील, चटईवर असंच बसवतील, आणि आमचा गुएल नाच नाचणारा पुढे येईल. तुम्ही हत्ती. मेलेला भाऊ पांढरा हत्ती होऊन परत आला होता, ती गोष्ट मुलीनं सांगितलीच असेल — राजाच्या माणसांनी दोर लावले, ढकललं, काही केल्या तो उठेना, आणि धाकटा भाऊ समोर नाचला तेव्हा उठला. बस, तेवढंच करायचंय. नाचणारा विनवणार, खांदे घुसळणार, जमिनीपर्यंत वाकणार — आणि तुम्ही हलायचं नाही. आत पडद्यामागे बायका चनांग वाजवत असतात — त्या बघा, कोपऱ्यात टांगल्यात, त्या काशाच्या छोट्या थाळ्या — आणि त्यांची लय एकदम चढली की उठायचं, हळूहळू, आधी मान, मग खांदे. त्याआधी उठलात तर मेलात. उशिरा उठलेला जावई मानी म्हणवला जातो, पण आधी उठलेला? त्याला विचारतात, काय हो अमान मायाक, भूक लागली होती का? अमान मायाक म्हणजे तुम्हीच. नव्या नवरदेवाला आम्ही तेच म्हणतो. पोर झालं की पोराच्या नावानं — अमुकचा बाप. मी अमान रेंगाली. रेंगाली माझी मुलगी. सुराबायाला असते. फोन करते. करते ना, ईदला करतेच.

मी आधी उठलो. सगळ्या ताकेंगोनला ठाऊक आहे, तुमच्या सासरच्यांनीही सांगितलं असेल — सांगितलं ना? हसताय म्हणजे सांगितलं. अमान जेरोह माझ्यापुढे नाचत होता, त्याच्यासारखा गुएल नाचणारा तळ्याच्या दोन्ही काठांना नव्हता, आणि त्याचा नाच निम्म्यावरही आला नव्हता, नुकता कुठे तो गुडघ्यांवर आला होता — आणि हत्ती उभा. शाल घसरून खांद्यावर, टोपी वाकडी, चष्म्यावर वाफ. माझ्या कानांनी चनांग चढलेली ऐकली होती. शपथेवर. म्हणजे तेव्हा शपथेवर सांगितलं असतं. पण कुणी विचारलंच नाही, सगळे हसत होते, आणि अमान जेरोह तसाच गुडघ्यांवर बसून मोठ्यानं म्हणाला, "हा आमचा घाईचा हत्ती. शिकलेला आहे ना, याला आधीच उत्तर येतं." झालं. नाव पडलं. मी पुढे बांदा आचेला प्राध्यापक झालो, पीएच.डी. केली, डोक्यावरचे केस गेले — सुट्टीला गावी आलो की बसथांब्यावरच कुणीतरी विचारायचं, आलात का, घाईचा हत्ती?

शिकवायचो काय, ठाऊक आहे? पुराव्याचा कायदा. हसा, हसा. आयुष्यभर पोरांना सांगितलं, एका साक्षीवर विसंबू नका, आणि साक्ष स्वतःचीच असेल तर मुळीच नको. स्वतःच्या खटल्यात माझ्याकडे एकच साक्षीदार होता, तो मी, आणि तो घाबरट. खरं सांगतो — नको, हे कशाला सांगतोय तुम्हाला — बरं, सांगतो. त्यानंतर मला स्वतःचा भरवसाच वाटेना. वर्गात प्रश्न आला की वाटायचं, प्रश्न पुरता ऐकला का आपण, की आधीच उठलो? दाराला कुलूप घातलं तरी वळून बघायचो. आणि सेलासी — माझी बायको — लोक हसायला लागले की तीही हसायची. तोंडावर पदर धरून, पण हसायची. मी एकदा तिला विचारलं होतं, तू तर आतच होतीस, चनांगच्या शेजारी, खरंच लय चढली होती की मला भास झाला? ती कॉफीच्या बिया निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "अमान रेंगाली, तुम्ही उठलात ते बरंच झालं." एवढंच. मला वाटलं, कीव करते. बाईनं बावळट नवऱ्याचं झाकून घ्यावं, तसं. त्यावर आम्ही पुन्हा कधी बोललो नाही. संसार चांगला झाला हो. पण बाजूला निजलेल्या माणसाला आपली कीव येते, असं एकदा मनात बसलं की — पाठ सरळ झाली तुमची. वाकवा.

ती गेली तेव्हा मी निवृत्त होऊन इथे आलो होतो. सकाळी धुणं वाळत घातलं, दुपारी गेली. निरोपाचंसुद्धा काही नाही. घरात मग मी आणि घड्याळ. डेपिक मासे आणतो, दोघांचे आणतो, सवयीनं, आणि दुसऱ्या दिवशी तेच खातो. त्याच सुमारास गावानं हे सभागृह बांधलं — शहरातले लोक नाच विसरायला लागले, पोरं मोबाईलवर बघून गुएल नाचायला लागली, तेव्हा म्हाताऱ्यांनी ठरवलं की जागा हवी, जमीन हवी पायाखाली. शिकणाऱ्यांसमोर बसायला कुणीतरी हत्ती लागतो. रिकाम्या चटईपुढे विनवणी कशी करणार? अमान जेरोह म्हणाला, त्याला बोलवा, आता गुडघे गेलेत त्याचे, आता नाही लवकर उठायचा. थट्टाच. पण मी आलो. आणि बसायला लागलो. पोरं समोर नाचायची, खांदे घुसळायची, डोळ्यांत बघून विनवायची — ऊठ, ऊठ — आणि तुम्हाला म्हणून सांगतो, मला उठावंसंच वाटायचं नाही. कुणी आपल्याला इतकं मनापासून ऊठ म्हणतंय. घरी कोण म्हणतं?

आता कमी येतात. नवे शिक्षक आलेत, चांगले आहेत, कला महाविद्यालयातले, त्यांचं म्हणणं मंचावर हत्ती लागत नाही, सगळ्यांनी प्रेक्षकांकडे तोंड करून नाचायचं. बरोबर असेल. मी काय नाचातला जाणकार नाही. तरी रविवारी दुपारी मी दार उघडून ठेवतो. कधी कधी शाल घेऊन बसतोही. हो, एकटाच. शाल उबदार आहे म्हणून. तुम्हाला आज मुलीकडच्यांनी पाठवलं, म्हणजे — मला बरं वाटलं, एवढंच म्हणायचं होतं. रविवारी मला बोलावलंय का, ठाऊक आहे तुम्हाला? नाही, नाही, सहज विचारलं. विसरले असतील, लग्नघर आहे.

तुमचा फोन वाजतोय मघापासून. घ्या ना. नको? बरं.

तर अमान जेरोह. दोन वर्षांपूर्वी तो अंथरुणावर होता, मी बघायला गेलो. अंगात काही उरलं नव्हतं, जीभ मात्र तशीच. म्हणाला, "ये हत्ती, आता मला घाई आहे." आणि मग, मी न विचारता, म्हणाला — मी विचारलं नव्हतं, हे महत्त्वाचं, सुचवून काढलेली साक्ष नव्हे ती — म्हणाला, "चनांग चढली होती रे. मीही ऐकलं. मी गुडघ्यांवर होतो, माझा अर्धा नाच बाकी, आणि आतल्या बायकांनी हत्ती उठवला. मग मी काय म्हणायचं लोकांना? तुझ्यावर ढकललं. शिकलेला माणूस, तुला काय फरक पडतो, वाटलं."

मला काय फरक पडतो!

रागावलो नाही. रागवायला तो उरला कुठे, आठवड्यात गेला. पण घरी येताना तळ्याकाठी थांबलो आणि मोठ्यानं म्हणालो, चढली होती. कुणी नव्हतं ऐकायला. एक होडीवाला होता, त्यानं मला विचारलं, जायचंय का पलीकडे.

तरी एक राहिलंच ना. चढवली कुणी? चनांग सेलासीच्या आत्याच्या हातात होती, आणि आत्या म्हणजे लयीची पक्की बाई, तिची चूक होणं शक्य नाही. आत्या कधीच गेलेली. मी ते सोडून दिलं. — परत वाजतोय. बघा कोण आहे. तिचाच? मग घ्या की, अहो. काय म्हणते? कधी येताय? बघा. जा. उठा, उठा, इथे हळू उठायची गरज नाही, ते रविवारी. शाल द्या इकडे. मला हात द्या जरा — हां — नको, मी बसतोच थोडा वेळ. दार लोटू नका, उघडं असू द्या.

आणि ऐका. तिला तिष्ठत ठेवू नका. त्या थाळ्या सेलासीच्या माहेरच्याच. इनेन मुदे नावाची बाई त्या घेऊन आली या सभागृहाला द्यायला, गेल्या कापणीच्या वेळी. सेलासीची मैत्रीण, आमच्या लग्नाच्या दिवशी तिच्या शेजारी बसलेली. हे आठवणीतलं नाही, हे मी विचारून घेतलंय, दोनदा, उलटसुलट. आत्या तेव्हा तिथे नव्हतीच. भात लागला म्हणून ओरड झाली आणि ती चुलीकडे धावली, चनांगची काठी चटईवर टाकून. ती काठी नवरीनं उचलली.